एक कॅपिटल, एक अंक, एक चिन्ह

नवा पासवर्ड ठरवताना पडद्यावर येणारी सूचना आता सगळ्यांना पाठ झाली आहे: किमान आठ अक्षरं, त्यात एक कॅपिटल, एक स्मॉल, एक अंक आणि एक स्पेशल कॅरेक्टर. बँकेचं ॲप असो, परीक्षेचा ऑनलाइन अर्ज असो की कंपनीचा ईमेल, सूचनेची भाषा फारशी बदलत नाही. ती वाचून माणूस जे लिहितो तेही फारसं बदलत नाही. स्वतःचं, मुलाचं किंवा गावाचं नाव, त्यातलं पहिलं अक्षर कॅपिटल, मग @ आणि शेवटी १२३. इंग्रजीत टाइप केलेलं ‘गणेश@१२३’ दहा अक्षरांचं होतं, चारही प्रकार त्यात येतात, हिरवी पट्टी उमटते आणि पासवर्ड मजबूत असल्याचा निर्वाळा मिळतो. हा निर्वाळा खोटा आहे.

तपासणी करणारा कोड फार साधा असतो. तो पासवर्डातलं एकेक अक्षर उचलून पाहतो. हे कॅपिटल आहे का? स्मॉल आहे का? शून्य ते नऊमधला अंक आहे का? यांपैकी काहीच नसेल तर ते चिन्ह. चारही खात्यांत एकेक तरी नोंद झाली की पासवर्ड पास. कॅपिटल कुठे आलं, अंक कोणत्या क्रमाने आले, शब्द ओळखीचा आहे का, हाच पासवर्ड आजवर किती जणांनी ठेवला, यातलं काहीही तो कोड विचारत नाही. पासवर्ड फोडायला बसलेला माणूस मात्र सुरुवातच या प्रश्नांपासून करतो.

तरीही हा नियम कुणी उगाच काढलेला नाही. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडत असताना रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी वापरकर्त्यांचे ३,२८९ पासवर्ड गोळा करून तपासले आणि १९७९ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यातले आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. १५ पासवर्ड एकाच अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे, ४६४ तीन अक्षरांचे आणि ४७७ चार अक्षरांचे. ७०६ पासवर्डांत पाच अक्षरं होती, सगळी कॅपिटल किंवा सगळी स्मॉल. ६०५ पासवर्ड सहा स्मॉल अक्षरांचे होते. आणखी ४९२ शब्दकोशांत आणि नावांच्या याद्यांत सापडले. म्हणजे ३,२८९ पैकी २,८३१, शंभरातले ८६, सहज हाती लागण्यासारखे होते.

यावर त्यांनी जो उपाय केला, त्यात आजच्या नियमाचं बीज आहे. पासवर्ड फक्त कॅपिटल किंवा फक्त स्मॉल अक्षरांचा असेल तर तो किमान सहा अक्षरी हवा. अक्षरांचे प्रकार जास्त असतील तर पाच चालतील. त्याहून छोटा पासवर्ड दिला की प्रोग्रॅम जरा लांब पासवर्ड मागायचा. इथे लांबी आणि विविधता यांची अदलाबदल मान्य झाली: विविधता वाढवा, लांबीत सूट घ्या. त्या काळात त्याला कारणही होतं. युनिक्सची पासवर्ड साठवण्याची पद्धत पहिली आठ अक्षरंच विचारात घ्यायची, नवव्या अक्षरापासून पुढचं सगळं वाया जायचं. लांबीला छत असल्यावर ताकद वाढवायला अक्षरांचे प्रकार एवढाच मार्ग उरतो. ते छत पुढे गेलं. नियम मात्र राहिला.

जाता जाता एक नोंद. याच मॉरिस यांचा मुलगा रॉबर्ट टॅपन मॉरिस याने नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर सोडलेला ‘मॉरिस वर्म’ संगणकांत शिरण्यासाठी जे मार्ग वापरत होता, त्यांपैकी एक होता पासवर्ड ओळखण्याचा. त्यासाठी त्याच्या पोटात ४३२ शब्दांची यादी होती. वडिलांनी दाखवलेली कमजोरी नऊ वर्षांनीही जागच्या जागी होती.

आजच्या रूपातला नियम जगभर पसरला तो निस्ट या अमेरिकी मानक संस्थेच्या कागदातून. बिल बर यांनी लिहिलेली ही मार्गदर्शिका २००४ साली प्रसिद्ध झाली. तिच्या परिशिष्टात पासवर्डाची ताकद मोजण्याचं एक कोष्टक होतं: पहिल्या अक्षराला चार बिट, पुढच्या सात अक्षरांना प्रत्येकी दोन, त्यापुढे आणखी कमी, आणि कॅपिटलबरोबर अंक किंवा चिन्ह सक्तीचं केलं तर वर सहा बिटांचा बोनस. सहा बिट म्हणजे पासवर्ड ओळखणं ६४ पट कठीण. हा बोनस कुठल्या मोजणीतून आलेला नव्हता, तो अंदाज होता. लोक खरोखर कसे पासवर्ड ठेवतात हे पाहायला मोठा साठाच तेव्हा हाताशी नव्हता. सरकारी खात्यांनी तो कागद प्रमाण मानला, ऑडिटरांनी त्याच्या चौकटी केल्या, सॉफ्टवेअर कंपन्यांनी त्या चौकटी सेटिंगमध्ये आणल्या. २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, बर यांनी वॉल स्ट्रीट जर्नलशी बोलताना आपण तेव्हा जे सुचवलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा पश्चात्ताप होत असल्याचं मोकळेपणाने सांगितलं. आपल्या क्षेत्रात एवढं सरळ बोलणारी माणसं कमी आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल मला आदर वाटतो.

आता गणित पाहू, कारण नियमाचे समर्थक गणिताचाच आधार घेतात. इंग्रजी कीबोर्डवर स्पेस धरून ९५ चिन्हं टाइप करता येतात: २६ स्मॉल, २६ कॅपिटल, १० अंक आणि ३३ इतर. आठ जागा फक्त स्मॉल अक्षरांनी भरल्या तर सुमारे २०९ अब्ज पासवर्ड तयार होतात. त्याच आठ जागा ९५ चिन्हांतून भरल्या तर ६६ लाख अब्ज. फरक प्रचंड दिसतो. पण आठाऐवजी बारा जागा घ्या आणि फक्त स्मॉल अक्षरं वापरा: साडेनऊ कोटी अब्ज. म्हणजे चारही प्रकारांच्या आठ अक्षरांपेक्षा नुसत्या स्मॉलची बारा अक्षरं चौदा पट वरचढ ठरतात. चार अक्षरं वाढवणं माणसाला जड जात नाही. मधेच कॅपिटल आणि चिन्ह घालून ते आठवत ठेवणं जड जातं.

याच हिशोबाचा दुसरा भाग सहसा कुणी सांगत नाही. चारही प्रकारांची सक्ती केली की ज्यांत एखादा प्रकार नाही असे सगळे पासवर्ड बाद होतात. मशीनने ९५ चिन्हांतून पूर्ण यादृच्छिकपणे आठ अक्षरी पासवर्ड काढले, तर त्यांतले शंभरात चौपन्न या नियमाला उतरत नाहीत. कशात अंक नसतो, कशात कॅपिटल नसतं. म्हणजे संभाव्य पासवर्डांचा निम्म्याहून मोठा साठा नियमच टाकून देतो, आणि काय टाकलं आहे हे साइन-अप पानावर छापलेलं असल्यामुळे हल्लेखोरालाही ते कळतं.

खरं नुकसान मात्र माणसाच्या सवयीने होतं. कॅपिटल मागितलं की ते पहिल्या जागी जातं. अंक मागितला की तो शेवटी जातो, तोही १, १२३ किंवा साल. चिन्ह मागितलं की @ किंवा !. या सवयी जगभर सारख्याच आहेत आणि त्या फोडणाऱ्यांच्या हत्यारांत जशाच्या तशा उतरल्या आहेत. हॅशकॅट नावाच्या प्रोग्रॅममध्ये ‘मास्क’ लिहिता येतो: पहिली जागा कॅपिटल, पुढच्या पाच स्मॉल, मग @, मग तीन अंक. दहा अक्षरांच्या पासवर्डाला कागदावर जवळजवळ ६० अब्ज अब्ज शक्यता असतात. हा मास्क लावल्यावर उरतात ३०९ अब्ज. चोरलेल्या साठ्यातले पासवर्ड जुन्या एमडी५ पद्धतीने साठवलेले असतील, तर आजचं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला शंभर अब्जांहून अधिक अंदाज करून पाहतं. दोन-तीन सेकंदांत गणेश आणि त्याच घडणीचे सगळे पासवर्ड उघडे. सहाची सहा अक्षरं फिरवायचीही गरज नसते. दहा हजार भारतीय नावांची यादी आणि हजार ठरावीक शेवट एकत्र केले की अंदाज होतात फक्त एक कोटी. मुद्दाम संथ बनवलेल्या बीक्रिप्टसारख्या पद्धतीवर सेकंदाला हजार-दोन हजार अंदाज होत असले, तरी हे काही तासांचं काम आहे.

आपल्या परिचयाचं एक उदाहरण घेऊ. ई-आधारची पीडीएफ उघडायला जो पासवर्ड लागतो तो असतो नावातली पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. आठ अक्षरं आहेत, दोन प्रकार आहेत. पण ज्याला नाव माहीत आहे त्याला फार तर शंभरेक सालं लावून पाहायची असतात, आणि वयाचा अंदाज असेल तर दहाच. अक्षरांचे प्रकार मोजून या पासवर्डाची ताकद कळत नाही; समोरच्याला काय माहीत आहे यावरून कळते. म्हणूनच ती फाइल कुणालाही पाठवताना पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

खऱ्या पासवर्डांचा साठा बर यांना मिळाला नव्हता, तो २००९ मध्ये साऱ्या जगाला मिळाला, आणि वाईट मार्गाने. रॉकयू या कंपनीकडून ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. ते तिने हॅश न करता, म्हणजे मूळ पासवर्ड उलट वाचता येणार नाही अशा रूपात न बदलता, साध्या अक्षरांत ठेवलेले होते. त्यात १२३४५६ हा पासवर्ड सुमारे २ लाख ९० हजार जणांचा होता. पुढच्याच वर्षी मॅट वीर आणि सहकाऱ्यांनी या साठ्यावर प्रत्यक्ष हल्ले करून पाहिले आणि बिटांच्या कोष्टकावरून पासवर्ड खरोखर किती टिकेल हे सांगता येत नाही, असं दाखवून दिलं. २०११ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे पाच हजार लोकांना वेगवेगळ्या नियमांखाली पासवर्ड करायला लावले. एका गटाला आठ अक्षरं, चारही प्रकार आणि शब्दकोशातला शब्द नको अशी अट होती. दुसऱ्या गटाला अट एकच: सोळा अक्षरं हवीत. सोळावाल्यांचे पासवर्ड जास्त भक्कम निघाले आणि त्या लोकांना त्रासही कमी झाला.

दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदला, ही या नियमाची जोडीदार अट. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये जुन्या खात्यांचे एकापाठोपाठचे पासवर्ड तपासले. जुना पासवर्ड माहीत असेल तर शंभरातल्या १७ खात्यांचा नवा पासवर्ड पाच प्रयत्नांच्या आत ओळखता येत होता. शेवटचा १ जाऊन २ येतो, @ च्या जागी # येतं, एवढंच. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये विंडोजसाठीच्या आपल्या शिफारशींतून ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची अट काढून टाकली.

निस्टनेही भूमिका पूर्ण फिरवली. २०१७ च्या आवृत्तीत अक्षरांच्या प्रकारांची सक्ती करू नये असा सल्ला होता. २०२५ च्या आवृत्तीत तिला सरळ मनाई आहे. पासवर्ड हाच एकमेव पुरावा असेल तर तो किमान १५ अक्षरांचा हवा. ओटीपीसारखी दुसरी पायरी सोबत असेल तर किमान आठ. निदान ६४ अक्षरांपर्यंतचा पासवर्ड स्वीकारावा, स्पेस चालावी, पेस्ट करू द्यावं, आणि चोरीला गेलेल्या व सर्रास वापरल्या जाणाऱ्या पासवर्डांची यादी लावून त्यातला पासवर्ड नाकारावा. बदलायला लावायचं ते खातं फुटल्याचा पुरावा असेल तेव्हाच.

हे सगळं वाचून एखाद्या पतसंस्थेचा किंवा महाविद्यालयाचा ॲडमिन सेटिंग उघडतो, तेव्हा त्याच्यासमोर काय येतं? विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत प्रकारांसाठी एकच खटका आहे, चालू किंवा बंद. चालू असेल तर पाच गटांपैकी तीन गटांतली अक्षरं असावी लागतात: कॅपिटल, स्मॉल, शून्य ते नऊ अंक, चिन्हं, आणि कॅपिटल-स्मॉल असा भेदच नसलेली इतर लिपींतली अक्षरं. चिन्हांत युरो किंवा पौंड यांसारखी चलनचिन्हं धरली जात नाहीत. वापरकर्त्याचं लॉगिन नाव किंवा पूर्ण नावातला तीन अक्षरांहून छोटा नसलेला तुकडा पासवर्डात आला तर तो नाकारला जातो. ही अट चांगली आहे. गणेश नावाच्या कर्मचाऱ्याला गणेश@१२३ ठेवता येणार नाही. मुंबई@१२३ मात्र बिनदिक्कत चालेल.

लिनक्सवर पीडब्ल्यूक्वालिटी नावाची तपासणी असते आणि तिथे फसगत होण्याची जागा जास्त आहे. तिच्या फाइलमध्ये ‘मिनलेन’ म्हणजे किमान लांबी, आणि अंक, कॅपिटल, स्मॉल, चिन्ह यांच्यासाठी चार वेगवेगळी ‘क्रेडिट’ असतात. किमान लांबी १२ लिहिली आणि ‘प्रत्येक प्रकारचं एक तरी हवं’ म्हणून चारही क्रेडिटांपुढे १ लिहिलं, तर बहुतेकांना वाटतं की आता बारा अक्षरं आणि चारही प्रकार सक्तीचे झाले. होतं उलट. धन आकडा म्हणजे सूट. त्या प्रकारचं एक अक्षर असेल तर लांबीच्या हिशोबात एक गुण फुकट मिळतो. चारही प्रकार असलेला आठ अक्षरी पासवर्ड आठ अधिक चार मिळून बारा भरतो आणि पास होतो. आणि कुठलाच प्रकार सक्तीचा झालेला नसतो. सक्तीसाठी आकडा ऋण लागतो: उणे १ म्हणजे किमान एक. शून्य म्हणजे सूटही नाही, सक्तीही नाही. १९७९ च्या युनिक्समधली लांबी-विविधतेची तीच अदलाबदल ही. माझं मत स्पष्ट आहे: चारही शून्य ठेवा, मिनलेन १५ करा, शब्दकोशाची तपासणी चालू ठेवा. रूट म्हणून पासवर्ड बदलताना ही तपासणी मुळात फक्त इशारा देते, अडवत नाही. अडवायचं असेल तर त्याचं सेटिंग वेगळं करावं लागतं.

माय-एस-क्यू-एल या डेटाबेसमध्ये पासवर्ड तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत. मुळात मधली लागू असते: आठ अक्षरं, एक कॅपिटल, एक स्मॉल, एक अंक, एक चिन्ह. सगळ्यात वरची पायरी निवडली की शब्दकोशाची तपासणी जोडली जाते, पण शब्दकोशाची फाइल आपण दिली नसेल तर ती तपासणी होतच नाही.

इथवरचा सगळा विचार इंग्रजी कीबोर्ड धरून झाला. मराठीत पासवर्ड ठेवायचा म्हटलं तर हे नियम किती तोकड्या नजरेचे आहेत ते दिसतं. देवनागरीत कॅपिटल नाही, स्मॉल नाही. त्यामुळे चारही प्रकार सक्तीचे असतील तर संपूर्ण मराठी पासवर्ड कधीच पास होणार नाही, तो चाळीस अक्षरांचा असला तरी. आणि बऱ्याच वेबसाइटींवरचा नियम चिन्ह म्हणजे काय हे ‘इंग्रजी अक्षर नाही आणि अंकही नाही’ असं ठरवतो. त्या हिशोबाने आपला ‘क’ स्पेशल कॅरेक्टर ठरतो. अंकांचंही तेच. पायथनमधली अंकांची नेहमीची खूण ‘५’ ला अंक मानते, जावास्क्रिप्टमधली तीच खूण मानत नाही. त्यामुळे एकच पासवर्ड ब्राउझरमध्ये नापास आणि सर्व्हरवर पास, असं घडू शकतं.

लांबी मोजतानाही घोळ आहे. ‘विठ्ठल’ लिहिलं तर आपल्याला तीन अक्षरं दिसतात. युनिकोडच्या दृष्टीने ती सहा आहेत: व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल. साठवताना नेहमीच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट लागतात, म्हणजे अठरा. आता बीक्रिप्टला ७२ बाइटची मर्यादा आहे. त्यापुढचं बऱ्याच ठिकाणी मुकाट्याने सोडून दिलं जातं. ‘तांबडा डबा माळ्यावर पाऊस’ या चार शब्दांना ६६ बाइट लागतात. पाचवा शब्द जोडला तर त्यातलं जेमतेम पहिलं अक्षर मोजलं जाईल. इंग्रजी अक्षरांना एकेकच बाइट लागतो, त्यामुळे तिथे ही अडचण सहसा येत नाही.

सगळ्यांत अवघड प्रकरण आहे ते ‘तऱ्हा’, ‘दुसऱ्या’ यांसारख्या शब्दांतल्या अर्ध्या ऱ चं. हा आकार दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ आणि हलन्त पाठवतात. काही कीबोर्ड साधा र, हलन्त आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह पाठवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण पासवर्डाचा हॅश वेगळा निघतो. निस्टच्या सांगण्याप्रमाणे पासवर्ड हॅश करण्याआधी युनिकोडची रूपं एकसारखी करून घेतली तरी हे जोडचिन्ह तसंच राहतं, म्हणून ही जोडी एक होत नाही. घरच्या मोबाइलवर ठेवलेला पासवर्ड कार्यालयातल्या संगणकावर चुकीचा ठरेल आणि कुणालाही कारण कळणार नाही. म्हणून आजच्या घडीला मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करणं हा व्यवहार्य मार्ग आहे, पण त्याला कायमची तोड मानायला माझी तयारी नाही. मराठी माणसाला त्याच्या लिपीत पासवर्ड ठेवता यावा आणि तो सगळीकडे चालावा, ही मागणी सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडे, विशेषतः सरकारी सेवा बांधणाऱ्यांकडे, आपणच लावून धरली पाहिजे.

शब्दांचे पासवर्ड करताना एक पथ्य मात्र पाळावं लागतं: शब्द एकमेकांशी संबंध नसलेले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले हवेत. अर्नॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचवलेल्या डाइसवेअर पद्धतीत ७,७७६ शब्दांची यादी असते आणि पाच वेळा फासा टाकून एकेक शब्द ठरतो. लोकप्रिय अभंगाची पहिली ओळ, आरतीचं ध्रुवपद किंवा सिनेमातलं वाक्य लांब असलं तरी कुचकामी आहे, कारण ते इतरांनाही पाठ असतं. वर छापलेला तांबडा डबाही आता वापरू नका.

प्रकारांची सक्ती काढली तर १२३४५६ कोण अडवणार, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर आहे फुटलेल्या पासवर्डांची यादी. ऑस्ट्रेलियाचे ट्रॉय हंट यांनी २०१७ मध्ये अशा ३० कोटींहून अधिक पासवर्डांचा साठा तपासणीसाठी खुला केला, आणि तो पुढे वाढतच गेला. आपला पासवर्ड त्यांना न कळवता तो त्यात आहे का हे पाहता येतं. आपल्या संगणकावर पासवर्डाचा हॅश निघतो, चाळीस खुणांचा. त्यातल्या पहिल्या पाचच पाठवल्या जातात. समोरून त्या पाचांनी सुरू होणारे सगळे हॅश, शेकड्यांनी, परत येतात आणि उरलेल्या पस्तीस खुणांची जुळणी आपल्याच संगणकावर होते. गणेश@१२३ अशा तपासणीत अडकतो. प्रकार मोजणाऱ्या तपासणीत कधीच अडकत नाही.

काही ठिकाणी ॲडमिनचे हात बांधलेले असतात. कार्डांचे व्यवहार हाताळणाऱ्या यंत्रणांना लागू असलेल्या पीसीआय डीएसएसच्या चौथ्या आवृत्तीत आजही किमान १२ अक्षरं आणि त्यात अक्षर व अंक दोन्ही हवेत असं आहे. तिथे तेवढं पाळावं लागेल. पण त्याच आवृत्तीने जुनी सात अक्षरांची मर्यादा बारावर नेली आहे; वाटचाल लांबीच्याच दिशेने आहे.

तुमच्या हातात एखाद्या संस्थेचं, शाळेचं, सोसायटीचं वा कंपनीचं सेटिंग असेल, तर या आठवड्यात ते उघडून पाहा. किमान लांबी १५ करा. प्रकारांची सक्ती बंद करा. नव्वद दिवसांची मुदत काढा. फुटलेल्या पासवर्डांची यादी जोडा, पेस्ट करायला परवानगी द्या आणि लॉगिनला दुसरी पायरी लावा. ऑडिटरने हरकत घेतली तर त्याच्यापुढे निस्टची २०२५ ची आवृत्ती ठेवा. ज्या संस्थेच्या कागदावरून तो नियम आला, तिनेच तो मागे घेतला आहे.